मधला डोंगर

मुंबईत नव्या माणसाशी ओळख झाली की नाव, गाव, नोकरी हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न येतो तो असा: "तुम्ही कुठल्या लाइनीवर?" वेस्टर्न, सेंट्रल, की हार्बर? एवढे एकदा कळले की विचारणाऱ्याला तुमचे निम्मे चरित्र कळते. तुम्ही सकाळी किती वाजता उठता, पावसाळ्यात तुमची गाडी कुठे अडकते, आणि लग्नामुंजीचे आमंत्रण तुम्ही कुठवर मानाल, हे सारे त्या एका शब्दात आले. पूर्वी सोयरीक जुळवताना गोत्र पाहत. हल्ली मुलीचे वडील लाइन पाहतात. पत्रिकेत गुण उत्तम जुळले आणि मुलगा सेंट्रलवरचा निघाला म्हणून गाडे अडल्याचे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्ही गिरगावकर. आम्हाला लाइन नव्हती. चर्नी रोड स्टेशन घरापासून पाच मिनिटांवर. पण आमच्या लेखी ते म्हणजे चौपाटीला जाताना ओलांडायचा एक पूल. लाइन ही उपनगरातल्या लोकांची बाब, अशा थाटात मी साठ वर्षे काढली. मग पेन्शन सुरू झाली, आणि तिच्या पाठोपाठ गुडघे. चाळीतली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिन्याच्या पायऱ्या चोपन्न. तरुणपणी त्या मोजायची गरज पडली नव्हती. आता भाजीची पिशवी घेऊन वर चढताना प्रत्येक पायरी आपला नंबर सांगू लागली.

"अहो, आता खालच्या जगात राहायला जाऊ या," एके दिवशी सौ. म्हणाली. खोली पागडीची. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, पागडी घेणे गुन्हा ठरले, तरी ती राजरोस चालू राहिली, आणि शेवटी १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली, असा हा मुंबईचा खास व्यवहार. खोली आपली नाही, पण विकता येते! घरमालकाचा रिवाजाप्रमाणे होणारा हिस्सा त्याच्या हातावर ठेवला, उरल्यात प्रॉव्हिडंट फंडाचे मिळवले, आणि लक्षात आले की एवढ्या पैशांत शहरात काही मिळणार नाही. उपनगराच्या अगदी शेवटी एक खोली, स्वयंपाकघर आणि बसायची जागा असे घर मिळेल.

उपनगराला शेवट दोन. पश्चिमेकडे बोरिवली, पूर्वेकडे मुलुंड. दलालांनी मीरा रोड आणि डोंबिवलीही सुचवून पाहिली. पण आमच्या मनात ही दोनच गावे होती, आणि त्याचे कारण दलालांना सांगण्यासारखे नव्हते. बोरिवलीला आमची लेक राहते. जावई आणि ती दोघेही नोकरीला, आणि चार वर्षांची नात संध्याकाळी साडेसहापर्यंत पाळणाघरात. मुलुंडला माझी थोरली बहीण राहते, अक्का. वय एक्याऐंशी. यजमान जाऊन बारा वर्षे झाली, मुलगा परदेशी. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि अक्का एकोणतीस. त्यानंतर माझा डबा, माझी पाटी, माझी मुंज हे सारे तिने केले. स्वतःचे लग्न तिने लांबवले, आणि ते कशासाठी लांबवले हे कधी बोलून दाखवले नाही.

आता कोणालाही वाटेल की मी मुलुंडसाठी भांडलो असेन आणि सौ. बोरिवलीसाठी. घडले उलटेच. मी म्हणू लागलो, "बोरिवलीची हवा काय आहे! समुद्र आहे, जंगल आहे." ती म्हणे, "हवा काय खायची आहे? मुलुंडचे रस्ते बघा कसे आखल्यासारखे आहेत." मी बोरिवलीच्या भाजीबाजाराची तारीफ करावी, तिने मुलुंडच्या. मला तिच्या मनातली नात दिसत होती, आणि तिला माझ्या मनातली अक्का. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही पुष्कळ भांडलो, पण एकमेकांची बाजू घेऊन इतक्या चुरशीने कधी भांडलो नव्हतो.

अखेर ठरले की दोन्ही गावे परक्यासारखी पाहायची. एक रविवार बोरिवलीला, एक मुलुंडला.

बोरिवलीला मी यापूर्वी अनेकदा गेलो होतो, पण लेकीकडे जाणारा माणूस गाव पाहत नाही; तो फक्त रिक्षा पाहतो. या वेळी पायी हिंडलो. मनात होते ते १९२८ साली जिथवर विजेची गाडी पोचली ते टोकाचे स्टेशन. प्रत्यक्षात भेटले एक भरभक्कम शहर. पण शहराच्या पोटात जुने गाव अजून शिल्लक आहे. बाभई, वझिरा, शिंपोली, एकसर ही नावे कुणा बिल्डराने ठेवलेली नव्हेत. वझिरा नाक्याच्या गणपतीचे दर्शन घेतले. एकसरला वीरगळ आहेत, शिलाहारकालीन मानले जाणारे; त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणारे खलाशी ओळीने दिसतात. एवढ्या जुन्या लढाईत पडलेल्या माणसांचे दगड उभे आहेत आणि शेजारून स्कूटर चालल्या आहेत, हे पाहून मला त्या गावाविषयी आदर वाटला. मंडपेश्वरला तर लेण्यांच्या माथ्यावर पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष. एकाच खडकाला दोन धर्मांनी घर केलेले. आणि स्टेशनच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे दार. सकाळी सहाला तिथे इतके म्हातारे चालायला येतात, की पेन्शनरांचे संमेलन भरल्यासारखे वाटते.

पुढच्या रविवारी मुलुंड. १८५३ च्या एप्रिलात देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला गेली ती याच शिवारातून; म्हणजे लाइनीच्या गोत्रात हे घराणे सर्वांत जुने. १९२२ साली क्राउन अँड कार्टर नावाच्या वास्तुविशारदांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत चौकटी आखून गाव वसवले, आणि ती आखणी आजही पायांना कळते. एक गल्ली चुकली तरी बिघडत नाही. पुढची तुम्हाला त्याच रस्त्यावर आणून सोडते. गुजराती, कच्छी, मराठी, तमिळ पाट्या शेजारी शेजारी. पूर्वेला मिठागर रोड, म्हणजे एकेकाळच्या मिठाच्या आगरांची आठवण. पश्चिमेला कालिदास नाट्यमंदिर. आणि गावाच्या वेशीवर जकात नाका. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली, पण 'चेकनाका' हे नाव काही गेले नाही. बसच्या कंडक्टरला विचारा; तो अजूनही तिथेच उतरवतो.

घरी येऊन मी 'कालनिर्णय'च्या एका जुन्या पानाच्या मागे दोन रकाने आखले. एकाच्या डोक्यावर 'बो', दुसऱ्याच्या 'मु'. हिशेबाचा माणूस मी. म्हटले गुण देऊन मोकळे व्हावे. नाट्यगृह? बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास. बरोबरी. डोंगर? दोन्हीकडे. डास? दोन्हीकडे, आणि सारखेच इमानी. शहरातले अंतर? दोन्ही गावे आपापल्या लाइनीवर तीस-पस्तीस किलोमीटरवर. महापालिका? एकच. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली वाढवली तेव्हा इकडे दहिसर आणि तिकडे मुलुंड एकदमच आत आली. जुळ्या बहिणींना एकाच मांडवात उजवावे, तसे. पाण्याचा नळ एकाच घरचा, घरपट्टीचे बिल एकाच घरचे. पंधरा मुद्दे झाले तरी तराजू हलेना. सोळावी ओळ मी लिहिली, 'माणसे', आणि तिच्यासमोर काहीच लिहिले नाही. सौ. मागे उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, "एवढीच ओळ लिहायची होती. बाकीच्या पंधरा कशाला लिहिल्यात?"

खरी अडचण होती ती दोन गावांची नव्हे, त्यांच्यामधल्या डोंगराची. नकाशावर बोट ठेवून पाहा. बोरिवली आणि मुलुंड यांच्यात सरळ रेषेत बाराएक किलोमीटर. गिरगावाहून माहीमला जावे तेवढे. पण मध्ये पसरले आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभरावर चौरस किलोमीटरचे. रस्त्याने जायचे तर दक्षिणेला पवईवरून किंवा उत्तरेला घोडबंदरवरून वळसा. आगगाडीने जायचे तर आधी दादरला या, पूल चढा, लाइन बदला आणि पुन्हा वर जा. बारा किलोमीटरचे पंचेचाळीस होतात. बोरिवलीहून मुलुंडला थेट जाऊ शकणारा प्रवासी एकच, तो म्हणजे जंगलातला बिबळ्या. त्याला दादरला गाडी बदलावी लागत नाही.

गंमत अशी, की हा डोंगर नेहमीच असा आडवा नव्हता. त्याच्या पोटात कान्हेरी आहे, शंभरावर लेणी. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावे कोरली आहेत. त्यांत कल्याणचे लोक आहेत आणि सोपाऱ्याचेही. एक गाव डोंगराच्या या अंगाला, दुसरे त्या अंगाला. दोन्हीकडची माणसे चालत वर जात, आणि डोंगरावर भेटत. त्या काळी डोंगर मध्ये आडवा पडलेला नव्हता. तो मधोमध बसलेला होता, घरातल्या देवघरासारखा. आगगाडीने आम्हाला वेग दिला, पण ती आली दोन बोटांसारखी, डोंगराला दोन्ही बाजूंनी टाळून. आणि माणसांची ये-जा त्या बोटांच्या मुळाशी, दादरला, जाऊन बसली. आता डोंगराच्या खालून बोगदे निघत आहेत. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड या दोन्ही बोगद्यांच्या कामांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. ते होतील तेव्हा होतील. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला बोगद्याची वाट पाहायला सांगता येत नाही.

निर्णय झाला तो एका तापाने. श्रावणातली गोष्ट. मी दर दोन दिवसांनी अक्काला फोन करीत असे. "कशी आहेस?" "मला काय धाड भरली आहे?" हे आमचे ठरलेले संभाषण. त्या आठवड्यातही तेच झाले. मग एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला: अक्का तीन दिवस तापाने निजून आहेत, दार उघडायला उठल्या तेव्हा भिंत धरून आल्या, तुम्हाला कळवू नका म्हणाल्या, पण मला राहवले नाही. आम्ही दोघे धावलो. डॉक्टर आले, औषध झाले, चौथ्या दिवशी ताप उतरला. काळजीचे काही नव्हते. पण तिच्या स्वयंपाकघरात मला तीन पेले दिसले, तिन्हींत तळाशी पाणी. रात्री उठून पुन्हा भरायला लागू नये म्हणून तिने ते संध्याकाळीच भरून उशाशी ठेवले असणार. माझ्या लहानपणी मला गोवर आला होता, तेव्हा माझ्या उशाशी ती असेच पेले भरून ठेवी. फक्त तेव्हा शेजारी ती स्वतः बसलेली असे.

परतीच्या गाडीत आम्ही दोघेही बोललो नाही. भांडुप गेले, विक्रोळी गेले. घाटकोपरला गर्दी चढली. कुर्ल्याच्या पुढे सौ. म्हणाली, "मुलुंडच घेऊ या."

"आणि नात?" मी विचारले.

"नात आज कडेवर येते. उद्या बोट धरून येईल, परवा पास काढून एकटी येईल. तिचे दिवस वाढताहेत. वन्संचे पूल चढायचे दिवस संपले. ज्याला येता येत नाही, त्याच्याजवळ जाऊन राहावं माणसानं."

तिचा आवाज स्थिर होता, पण ती खिडकीबाहेर पाहत होती. मला ठाऊक होते की गेली चार वर्षे ती 'नात शाळेत जायला लागली की मी तिला आणायला जाईन' असे म्हणत आली होती. दुपारी बारा वाजता, शाळेच्या फाटकाशी, छत्री घेऊन. त्या एका वाक्यात तिने ते फाटक सोडून दिले. मी काही बोललो असतो तर तिला रडू आले असते. म्हणून मी दादर आले एवढेच सांगितले.

लेकीला फोन केला. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी हेच सांगणार होते. पण मी सांगितलं असतं तर आईला वाटलं असतं की मला तिची गरज नाही. गरज आहे. पण आत्याला जास्त आहे."

त्यानंतरचे सारे व्यवहाराचे. हल्ली दलाल घर दाखवताना चटई क्षेत्र सांगतो. रेरा कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या इमारतीत चटई अंथरता येईल तेवढ्याच जागेचा भाव करावा लागतो. त्याआधी जिना, लिफ्ट आणि गच्चीवरचे कबुतरही गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत असे. आम्ही घेतले ते जुन्या सोसायटीतले. पण मोजपट्टी लावून मोजून घेतले. भोगवटा प्रमाणपत्र पाहिले, सोसायटीचा ना-हरकत दाखला घेतला, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घेतले. आणखी एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची म्हणून सांगतो. राहते घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. आम्ही ती घेतली. त्यामुळे कागदोपत्री मी आता सौ.च्या घरी राहतो, आणि चहा दुसऱ्यांदा मागताना थोडा विचार करतो.

अक्काला बातमी सांगितली तेव्हा ती खूश होईल असे वाटले होते. ती रागावली. "माझ्यासाठी कशाला? मी काय आजारी आहे? तिकडे लेकरू पाळणाघरात आणि तुम्ही इकडे म्हातारीच्या शेजारी!" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला आमच्या नव्या दाराची बेल वाजली. सात मिनिटांचा सपाट रस्ता, ना पूल, ना जिना. काठी टेकत आली होती. हातात वाटी, वाटीत कोथिंबिरीची चटणी. "मीठ जास्त झालं का बघ," म्हणाली आणि खुर्चीत बसली. तेव्हापासून ती रोज साडेचारला येते. कारण रोज नवे असते. न कळवता येते, आणि न कळवता येणे हेच तिचे औषध झाले आहे.

याचा अर्थ हिशेब चुकता झाला असे नव्हे. दर शनिवारी सकाळी सौ. पिशवीत डबे भरते आणि मुलुंड, दादर, बोरिवली असा प्रवास करते. रविवारी रात्री परत येते ती गुडघ्याला तेल लावायला मला हाक मारीत. नातीच्या पहिल्या पडलेल्या दाताची बातमी आम्हाला फोनवर कळली. शाळेच्या फाटकाशी तिला आणायला पाळणाघराच्या बाई जातात. ही तूट आहे, आणि ती आम्ही वहीत तूट म्हणूनच लिहितो. दोन्ही बाजूंना माया असली की कुठलेही घर अर्धेच घेतले जाते; उरलेले अर्धे गाडीत बसून भरावे लागते.

यंदाच्या दिवाळीची वाटणी आम्ही आधीच करून ठेवली आहे. चकलीची सोऱ्या सौ.च्या हातात आहे, कडबोळ्यांचे पीठ अक्काने तिच्याकडे भिजवले आहे. नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान लेकीकडे, पाडवा आमच्याकडे, आणि भाऊबीज अक्काकडे. गिरगावात होतो तेव्हा भाऊबीजेला मी नवे धोतर पिशवीत घालून गाडीत बसत असे, कारण गर्दीत त्याची घडी मोडे. यंदा पहिल्यांदाच ते अंगावर नेसून बहिणीच्या दारी चालत जाणार आहे.

आमच्या गॅलरीतून पश्चिमेचा डोंगर दिसतो. मुलुंडला सूर्य समुद्रात बुडत नाही. तो डोंगरामागे जातो, आणि इतर गावांपेक्षा थोडा लवकरच. त्या वेळी सौ. नातीला फोन लावते. परवा इकडे सावली पडली होती आणि सौ. दिवा लावीत होती, तेव्हा नात तिकडून म्हणाली, "आजी, तुझा सूर्य इकडे आलाय. अजून ऊन आहे." सौ.ने दिवा तसाच हातात धरला आणि विचारले, "तुझे दूध पिऊन झाले का?"